प्रबंधात पाठ्यपुस्तकाचा संदर्भ दिला तर चालतो का?

एखादी संकल्पना सर्वसाधारणपणे कशी मांडली जाते, एवढंच दाखवायचं असेल तर चालतो. पण विचारवंताचं म्हणणं सांगताना संदर्भ मूळ ग्रंथाचाच द्या. पाठ्यपुस्तकं शिकवण्याच्या सोयीसाठी मजकूर नीटनेटका करतात आणि त्यात मूळ मांडणीतला तोल बदलतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमचंच पाहा. पाठ्यपुस्तकांत आत्महत्येचे चार प्रकार बरोबरीने, बहुधा तक्त्यात मांडलेले दिसतात. आत्महत्येवरच्या त्याच्या १८९७च्या ग्रंथात मात्र चौथा, नियतिवादी (अति कडक बंधनांतून घडणारा) प्रकार त्याने एका तळटीपेत उरकला आहे. आजच्या काळात त्याचं फारसं महत्त्व नाही, असं तो तिथेच म्हणतो! हे तक्त्यावरून कधीच कळणार नाही.

मूळ ग्रंथ कोणते हे शोधायला सामाजिक शास्त्रांचे विश्वकोश फार उपयोगी पडतात: डेव्हिड सिल्स यांनी संपादित केलेला १९६८चा, किंवा स्मेल्सर आणि बाल्टेस यांचा २००१चा २६ खंडांचा. नोंदीच्या शेवटची ग्रंथसूची आधी वाचा, खरा ऐवज तिथेच असतो.

मूळ ग्रंथ मिळतच नसेल, तर दुय्यम पुस्तकाचा आधार घ्यायला हरकत नाही. फक्त मूळ लेखकाबरोबर त्या पुस्तकाचंही नाव स्पष्ट लिहा. न वाचलेला ग्रंथ वाचल्यासारखा दाखवू नका.