जपानमध्ये बायकोच्या माहेरचं १२० वर्षं जुनं लाकडी घर आहे, पाडायचं नाही पण रिकामंही ठेवायचं नाही, काय करता येईल?

एअरबीएनबी करू नका. निदान पहिला विचार तो नको.

तुम्ही लिहिलंय की घर ह्योगो प्रांताच्या डोंगराळ भागात आहे, तुम्ही दोघं टोकियोत, सासूबाईंना ऑगस्टमध्ये ओबोनला (पूर्वजांचा सण, आपल्या पितृपक्षासारखा) तिथेच जायचं असतं आणि पुण्यातले मित्र गेस्टहाऊस काढ म्हणून मागे लागलेत. आमचंही डिट्टो हेच होतं, फक्त घर सासऱ्यांच्या काकांचं आणि ते दुसऱ्या खोऱ्यात. आम्ही गेस्टहाऊस काढलंही. २०१८ च्या जूनमध्ये मिनपाकूचा म्हणजे घरगुती लॉजिंगचा कायदा लागू झाला तेव्हा सगळेच काढत होते. त्यात वर्षाला जास्तीत जास्त १८० दिवस पाहुणे ठेवता येतात, वर तिथल्या पालिकेचे आणखी नियम (क्योतोमध्ये निव्वळ निवासी भागात तर साधारण मध्य जानेवारी ते मध्य मार्च एवढंच!). अर्धं वर्ष तर कायद्यानेच गेलं, उरलेल्यात हिवाळा. ही घरं उन्हाळा डोळ्यासमोर ठेवून बांधलेली, शोजीच्या म्हणजे कागद लावलेल्या सरकत्या दारांच्या फटींतून वारा येतो, जानेवारीत पाहुणे रॉकेलच्या स्टोव्हला चिकटून बसायचे आणि रिव्ह्यूमध्ये "सुंदर पण फ्रीजर" असं लिहून जायचे. चादरी बदलायला, चावी द्यायला गावातली एक बाई ठेवली होती, तिचा पगार, वीज, विमा धरून हातात काय उरायचं ते सांगण्यासारखं नाही.

मग २०२० उजाडलं, कोरोना आला आणि घराला दीड वर्ष कुलूप. दोन वर्षं माणसं वावरली तेव्हा काही बिघडलं नव्हतं, पण या दीड वर्षात मागच्या खोलीच्या फळ्या पायाखाली दबायला लागल्या, तातामीवर (जमिनीवरच्या गवती चटया) बुरशी आणि न्हाणीघराच्या खांबाला वाळवी. आपल्या कोकणातल्या कुडाच्या भिंती आठवा, तशाच बांबूच्या कामट्यांवर माती लिंपलेल्या या भिंती, खांब दगडावर नुसते टेकवलेले, फळ्यांच्या जमिनीखाली वारा खेळायला जागा. सगळं घर ओलावा घेतं आणि सोडतं. पण सोडायला कुणीतरी रोज सकाळी अमादो म्हणजे बाहेरच्या लाकडी झडपा सरकवायला लागतात, नाहीतर जून-जुलैच्या पावसात आतल्या आत कुजतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की धंदा कुठला हा प्रश्न नंतरचा, आधी रोज सकाळी झडपा कोण उघडणार ते ठरवा.

आमच्याकडे ते एक मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं घट्ट वाटण) बनवणारं जोडपं निघालं. पालिकेच्या आकिया बँकेवर (रिकाम्या घरांची यादी असते ती) घर टाकलं होतं, आठ-नऊ जण बघून गेले, त्यातले निम्मे फोटो काढायलाच आले होते. हे दोघं आले आणि थेट दोमात म्हणजे पुढच्या मातीच्या जमिनीच्या भागात जाऊन उभे राहिले, वर बघितलं, खाली बघितलं, म्हणाले इथे पिंपं राहतील. मिसो थंडीत लावतात आणि मग लोणच्यासारखी महिनोन्महिने मुरते, म्हणजे जी थंडी पाहुण्यांना नको होती तीच यांना हवी होती. भाडं आम्ही अगदी कमी ठेवलं, आतली बारीकसारीक दुरुस्ती त्यांची, छप्पर आणि खांब आमचे. गवत कापणं, पाटाची सफाई, वाडीची मीटिंग याला ते जातात, त्यामुळे शेजारचे आजोबा जे पाहुण्यांच्या सुटकेसच्या चाकांवरून आमच्याशी बोलायचे बंद झाले होते ते आता घरचा मुळा पाठवतात.

करार करताना एक गोष्ट नक्की बघा. साधा भाडेकरार केलात तर भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य, आपल्या मुंबईच्या पागडीची आठवण येईल. २००० सालापासून ठराविक मुदतीचा करार करता येतो, तेइकी शाक्का म्हणतात, पण मुदत संपली की आपोआप वाढणार नाही हे आधी वेगळ्या कागदावर समजावून द्यावं लागतं, नाहीतर ती अट टिकत नाही. आणि बुत्सुदान, म्हणजे पूर्वजांचं देवघर. बरीच घरं भाड्याने जात नाहीत ती यापायीच. आम्ही ती एक खोली करारातून वगळली, ओबोनला सासूबाई तीन दिवस येतात, ते जोडपंच चहा करून देतं.

कायद्याचं थोडक्यात. हॉटेल, दुकान वगैरे करायचं आणि तेवढा भाग २०० चौरस मीटरच्या वर असेल तर वापरबदलाची परवानगी लागते, त्याखाली ती लागत नाही पण अग्निसुरक्षेचे वगैरे नियम पाळावेच लागतात. एप्रिल २०२५ पासून दुमजली लाकडी घराचे खांब, तुळया, भिंती, छप्पर यातलं एक जरी अर्ध्याहून जास्त दुरुस्त केलं तरी आधी मंजुरी, पूर्वी यातून सुटका होती. आणि कंत्राटदार जपून निवडा, आमच्याकडे पहिला आलेला खांबाच्या पायाशी सरसकट काँक्रीट ओतायला निघाला होता, तसं केलं की पाणी तिथेच अडकतं. ५० वर्षांवरचं घर सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवताही येतं, १९९६ पासूनची योजना आहे, बाहेरून दिसणारं बदलायचं तर आधी कळवायचं, आतून बरीच मोकळीक आणि घराचा मालमत्ता कर निम्मा.

लोक तुम्हाला मारुयामाचं उदाहरण देतील, ह्योगोतच आहे, १२ घरांची वाडी, ७ रिकामी होती, २००९ पासून तिथे राहायची सोय झाली. पण ते चाललंय कारण उरलेल्या पाच घरांतली माणसंच पाहुणचार करतात, मालक टोकियोत बसून ते होत नाही. नाओशिमा बेटावर १९९८ पासून जुन्या घरांत कलाकृती मांडल्यात, त्यामागे एका मोठ्या कंपनीचा पैसा आहे. मला तुमच्यासाठी ओनोमिची शहराचं जास्त पटतं, तिथे गाडी न जाणाऱ्या चढावरची रिकामी घरं एका संस्थेने तरुण मंडळींना राहायला मिळवून दिली. आधी राहणारे आले, गेस्टहाऊस मागाहून. नाहीतर तोकुशिमातलं कामियामा, २०१० पासून टोकियोच्या आयटी कंपन्या जुन्या शेतघरांत ऑफिसं थाटतायत, तुम्ही आयटीतच आहात तर ऑफिसात विचारून बघायला काय जातं.

विकायचं मनात आलं तर एवढंच सांगतो, २०२३ च्या मोजणीत देशात ९० लाख रिकामी घरं निघाली, त्यामुळे गिऱ्हाईक मिळेल या भरवशावर थांबू नका. नुसतं बंद ठेवलंत तरी त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून पालिका "देखभाल नाही" असा शेरा मारून नोटीस देऊ शकते, ऐकलं नाही तर घराखालच्या जमिनीला मिळणारी करसवलत जाते.

पुढच्या खेपेला गेलात की कुणाशी बोलायच्या आधी जुने कपडे घाला, टॉर्च घ्या आणि एक तातामी उचलून जमिनीखाली शिरा, मग माळ्यावर चढून कौलांखाली ओल आहे का बघा. घर दुमजली आहे का आणि एकूण किती चौरस मीटर ते कमेंटमध्ये टाका, बरंचसं त्यावरच ठरेल.