दशावतारात नव्याने उतरणाऱ्या पोराला

झिला, आधी एवढं ध्यानात घे: आपल्या कोकणातल्या या लोकनाट्याचं नाव दशावतार असलं तरी रात्रभरात दहाही अवतार दाखवायचे नसतात. आडदशावतारात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, गणपती, सरस्वती येतात, मग वेद पळवणारा संकासुर, आणि विष्णू त्याला मारतो. पुढे पहाटेपर्यंत आख्यान, म्हणजे मुख्य कथा.

आपल्याकडे लिहिलेली संहिता नसते. म्हणून पाठांतरामागे धावू नकोस, देव कशासाठी खाली आला ते समजून घे. नृसिंहच बघ. हिरण्यकशिपूला वर होता: माणसाकडून नाही, जनावराकडून नाही, घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, शस्त्राने तर नाहीच. म्हणून ते अर्धं रूप, तो उंबरठा, ती तिन्हीसांज, ती नखं. हे डोक्यात पक्कं असलं की समोरच्याने कसलाही सवाल टाकू दे, जवाब सुचतो. नुसता आरडाओरडा करणारा नृसिंह मला बघवत नाही. प्रल्हादाकडे वळताना आवाज खाली यायलाच हवा; त्या पोरासाठीच तर तो आलाय.

संकासुराला हलका समजू नकोस. हजरजबाबीपणा त्याच्या मालवणीतच शिकायला मिळतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की पेटीवाल्याच्या जवळ बसून ऐकत जा.