शेफील्डहून एका दिवसात ईम गाव नीट पाहता येईल का? सोबत साठीतले आई-बाबा आहेत आणि गाडी नाही

हो, आरामात. तुम्ही विचारलंय की बसने जमेल का, आणि प्लेगचं गाव म्हणून सगळे ज्या दोन-चार घरांचे फोटो टाकतात त्यापलीकडे तिथे काही आहे का. बसने जमतं. आणि त्या घरांपलीकडे जे आहे तेच खरं ईम आहे, फक्त ते गावाच्या वेशीवर आहे. बहुतेक लोक चर्च आणि ती घरं बघतात, चहा पितात आणि दीड-दोन तासांत परत फिरतात. साथीत बाहेरचे लोक गावासाठी अन्न ठेवत तो वेशीचा दगड आणि एका कुटुंबाच्या माळावरच्या, रायलीच्या कबरी राहून जातात. माझं सांगणं असं की गावात थोडा वेळ कमी द्या, पण वेशीपर्यंत चालत जाच.

आई-बाबांना निघण्यापूर्वी एवढी हकीकत सांगून ठेवा, म्हणजे तिथले फलक वाचताना संदर्भ लागेल. १६६५ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस लंडनहून इथल्या शिंप्याकडे, अलेक्झांडर हॅडफील्डकडे, कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं म्हणून त्याच्याकडे कामाला असलेल्या जॉर्ज व्हिकर्सने ते शेकोटीपुढे वाळत घातलं आणि त्यातल्या पिसवांनी प्लेग गावात आणला, अशी तिथली सांगण्याची रीत आहे. व्हिकर्स ७ सप्टेंबर १६६५ ला वारला. थंडीत साथ मंदावली आणि १६६६ च्या उन्हाळ्यात पुन्हा उसळली. तेव्हा जूनमध्ये तरुण पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, पदावरून काढलेला पाद्री थॉमस स्टॅन्ली यांनी मिळून गावाला तीन गोष्टींसाठी राजी केलं. मृतांना चर्चच्या आवारात न आणता ज्याने त्याने आपापल्या शेतात किंवा परसात पुरायचं. प्रार्थना चर्चमध्ये न करता उघड्यावर, कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत करायची. आणि कोणी वेस ओलांडायची नाही. १ नोव्हेंबर १६६६ ला शेवटचा मृत्यू झाला. मृतांचा आकडा २६० सांगतात. गावाची त्या वेळची लोकसंख्या पूर्वी साडेतीनशे धरत, आता त्याच्या दुप्पट किंवा जास्त धरतात. त्यामुळे ‘गावातले तीन-चतुर्थांश लोक मेले’ हे वाक्य कुठे वाचलंत तर जपून घ्या.

आता जायचं कसं. ईम शेफील्डच्या नैर्ऋत्येला साधारण २० किलोमीटरवर, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात आहे. शेफील्डच्या बसस्थानकावरून बक्स्टनकडे जाणारी ६५ नंबरची बस ईमवरून जाते. प्रवास तासाभराच्या आतबाहेर. या मार्गावर दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात आणि रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून आदल्या दिवशी ट्रॅव्हलाइनच्या संकेतस्थळावर जाण्याच्याच नव्हे, परतीच्या फेऱ्याही बघा. शेवटच्या बसच्या आधीची बस आपली मानून चाला. शेवटची चुकली तर तिथे रस्त्यावर टॅक्सी मिळत नाही, फोन करून बोलवावी लागते आणि त्या खोऱ्यात मोबाईलचं नेटवर्क मध्येच जातं. वेळापत्रकाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. चालकाला गावाचं नाव ‘ईम’ असंच सांगा, स्पेलिंगप्रमाणे ‘एयाम’ नको.

नकाशात ट्रेनचा पर्यायही दिसेल. शेफील्डहून ग्राइंडलफर्ड स्टेशन पंधरा-एक मिनिटांवर आहे आणि वाटेत साडेपाच किलोमीटरहून लांब टॉटली बोगदा लागतो. पण स्टेशन गावापासून दूर आहे. तिथून ईमपर्यंत पाच-एक किलोमीटर, तेही बरंचसं चढाचं. एकटे असाल तर सुंदर वाट आहे. आई-बाबांसोबत नको.

वार निवडताना सोमवार टाळा. ईमचं संग्रहालय सोमवारी साधारणपणे बंद असतं आणि हिवाळ्यात तर कित्येक महिने बंद असतं, म्हणून जाण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर तारीख बघा. शाळा सुरू असतात तेव्हा सकाळी मुलांच्या सहलींच्या बस येतात. ब्रिटनच्या शाळांत हे गाव इतिहासाच्या तासाला शिकवतात. संग्रहालय लहान आहे, चाळीस मुलं आत असली की फलक वाचता येत नाहीत. त्यामुळे शाळेच्या दिवसांत संग्रहालय दुपारी ठेवा.

बसमधून द स्क्वेअर नावाच्या चौकात उतरा आणि चर्च स्ट्रीटने पश्चिमेकडे चला. दोन-तीन मिनिटांत सेंट लॉरेन्स चर्च येतं. आवारात शिरल्यावर आठव्या शतकातला कोरीव दगडी क्रूस दिसेल. त्याच्या खांबाचा एक तुकडा नाहीसा झालेला आहे, म्हणून तो थोडा बुटका वाटतो. त्याच्याजवळ मॉम्पेसनच्या बायकोची, कॅथरिनची, चौथऱ्यासारखी कबर आहे. आजाऱ्यांची शुश्रूषा करत ती शेवटपर्यंत नवऱ्याबरोबर राहिली आणि ऑगस्ट १६६६ च्या अखेरीस गेली. चर्चच्या दक्षिण भिंतीवर १७७५ चं मोठं सूर्यघड्याळ आहे, ते वर मान करून बघावं लागतं, सहसा निसटतं. आत मृतांच्या नावांची यादी बघायला मिळते. ती घाईने चाळू नका. एकच आडनाव पुन्हा पुन्हा येतं आणि तारखांमधलं अंतर कमी होत जातं. १६६६ च्या एकट्या ऑगस्ट महिन्यात पाऊणशेवर नावं आहेत. प्रवेश मोफत आहे, दानपेटीत दोन-चार पौंड टाका. त्या जुन्या इमारतीची डागडुजी त्यावरच चालते.

चर्चला लागूनच पश्चिमेला ती घरं आहेत. समोर हिरवे फलक आहेत. व्हिकर्स ज्या घरात राहत होता तिथला फलक नीट वाचा. घर मेरी हॅडफील्डचं. तिचा चार वर्षांचा मुलगा एडवर्ड २२ सप्टेंबरला गेला, बारा वर्षांचा जोनाथन २ ऑक्टोबरला आणि नवरा अलेक्झांडर पुढच्या वर्षी ३ ऑगस्टला. मेरी एकटी उरली. तिचे १३ नातलग गेले, असं फलकावरच लिहिलंय. शेजारच्या रोझ कॉटेजमध्ये थॉर्प कुटुंबातली नऊ माणसं होती, नऊही गेली. या घरांत आजही लोक राहतात. खिडकीला नाक लावून आत बघू नका, अंगणात पाऊल टाकू नका, दारात उभं राहून सेल्फी काढू नका. पदपथावरून सगळं वाचता येतं.

पुढे ईम हॉल हा जुना वाडा, त्याच्या अंगणातली दुकानं आणि समोरच्या हिरवळीवर गुन्हेगारांचे पाय अडकवायचा जुना लाकडी खोडा. हॉल प्लेगनंतरचा आहे, दहा मिनिटं पुरेत. संग्रहालय हॉकहिल रोडवर, थोड्या चढावर. इमारत पूर्वी चर्चच होती, मेथॉडिस्ट पंथाचं. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबड्याऐवजी उंदीर बसवलाय, त्यावरून लांबूनच ओळखू येतं. तासभर द्या. समोर गाड्यांचा तळ आणि सार्वजनिक स्वच्छतागृह आहे. वेशीकडे जाण्याआधी तिथे जाऊन या, कारण पुढच्या वाटांवर काही नाही.

आता वेशीचा दगड. परत द स्क्वेअर चौकात या आणि लिडगेट नावाच्या गल्लीत वळा. घरांच्या मध्येच डार्बी बापलेकीच्या दोन कबरी दिसतील. आपापल्या परसात पुरायचं ठरलं म्हणजे काय, ते तिथे कळतं. घरं संपली की पायवाट शेतांमधून स्टोनी मिडलटन गावाच्या दिशेने जाते. चौकापासून दगडापर्यंत साधारण एक किलोमीटर. दगड जमिनीत रुतलेला, बसकट आहे. वरच्या अंगाला वाटीसारखी भोकं आहेत. पैसे ठेवायला ती वापरली, आणि नाण्यांवरून रोग पलीकडे जाऊ नये म्हणून त्यांत व्हिनेगर घालत. बाहेरचे लोक अन्न, औषध ठेवून निघून जात, मग गावकरी येऊन उचलत. भोकांच्या कडा शतकानुशतकांच्या बोटांनी गुळगुळीत झाल्यात आणि लोक आजही त्यांत नाणी ठेवतात. आई-बाबांना तिथे उभं करून मागे वळून बघायला सांगा. ईमची घरं स्पष्ट दिसतात, समोर खाली दुसरं गाव आहे, आणि मध्ये भिंत, कुंपण, पहारा काहीही नाही. वेस पाळली गेली ती फक्त शब्दावर.

मराठी माणसाला इथे पुणं आठवल्याशिवाय राहत नाही. रोग तोच. १८९७ मध्ये पुण्यात सोजिरांनी घरात घुसून माणसं बाहेर काढली आणि त्याचा संताप रँडच्या खुनापर्यंत गेला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या. विलगीकरण लोकांना विश्वासात घेऊन केलं आणि लोकांवर लादलं, यांत किती फरक पडतो हे या दोन गावांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की समजतं. तुमच्या आई-बाबांनी हे शाळेत वाचलेलं असेल, त्यांच्याशी बोलायला हा धागा चांगला आहे.

दगडाच्या वाटेबद्दल एक सूचना. पाऊस पडून गेला असेल तर माती निसरडी होते. चपला किंवा गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. बाबागाडी जात नाही. जाताना उतार आहे, म्हणजे परतताना चढ, त्यासाठी दम राखून ठेवा. स्टोनी मिडलटनपर्यंत उतरून तिथूनच बस पकडायचा विचार असेल तर त्या थांब्याची वेळ आधी बघा, नाहीतर पुन्हा सगळं चढून यावं लागेल.

रायलीच्या कबरी गावाच्या पूर्वेला, चौकापासून किलोमीटरभर. ग्राइंडलफर्डच्या रस्त्याने जाऊन रायली लेनवर वळायचं. माळावर एका गोल दगडी भिंतीच्या आत हॅनकॉक कुटुंबाचे सात दगड आहेत. एलिझाबेथ हॅनकॉकने ३ ते १० ऑगस्ट १६६६ या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीने पुरली. जागा आता नॅशनल ट्रस्टकडे आहे, तिकीट नाही. रस्त्याचा काही भाग पदपथाशिवाय आहे, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने एकामागे एक चाला. आई-बाबा थकले असतील तर दगड आणि रायली यांपैकी एकच करा, आणि मी दगड निवडेन.

मॉम्पेसनची विहीर मात्र या खेपेला सोडा. विहीर म्हणजे डोंगरावरचा झरा आणि दगडात बांधलेलं छोटं टाकं. हॉकहिल रोडवरून पुढे बराच उभा चढ चढावा लागतो. तिथेही अन्न ठेवत असत, पण वेशीच्या दगडाएवढं ते मनात उतरत नाही. कक्लेट डेल्फ खासगी जमिनीत आहे, वाट दिसली म्हणून कुंपण ओलांडू नका. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, प्लेग संडेला, तिथे सार्वजनिक प्रार्थना होते. त्याच सुमारास गावात विहिरी फुलांच्या पाकळ्यांच्या चित्रांनी सजवतात. बघण्यासारखं असतं, पण गर्दी फार. शांतपणे बघायचं असेल तर मे, जून किंवा सप्टेंबर.

गावात दोन गोष्टी ऐकाल, त्या तपासून घ्या. ‘रिंग अ रिंग ओ रोझेस’ हे बडबडगीत प्लेगवरचं आहे, याला जुना पुरावा नाही. आणि सगळेच गावकरी स्वखुशीने राहिले असंही नाही. काही सधन लोक आधीच निघून गेले होते आणि मॉम्पेसनने स्वतःची मुलं बाहेर पाठवली होती. रोग नुसता उंदरांच्या पिसवांनी पसरला, हेही आता इतकं सरळ मानत नाहीत. २०१६ च्या एका अभ्यासानुसार ईममधला बराचसा प्रसार माणसाकडून माणसाला झाला. म्हणजे वेस बंद करून आसपासची गावं वाचली, पण आतल्या घरांनी त्याची किंमत मोजली. याने त्या निर्णयाचा मोठेपणा कमी होत नाही, उलट वाढतो.

जेवणाचं म्हणाल तर गावात चहाची दुकानं आणि पब आहे. शाकाहारी असाल तर भाजलेला बटाटा आणि बीन्स, चीजचं सँडविच, स्कोन हे मिळतं. सूप मागवताना त्याचं पाणी मांसाचं नाही ना, आणि चिप्स मासे तळलेल्या तेलातले नाहीत ना, हे विचारा, लोक नीट सांगतात. चहाची दुकानं दुपारी लवकर आवरतात. पोळी-भाजीचा डबा नेलात तर हिरवळीवर बसून खाता येतं. पाण्याची बाटली आणि उन्हाळ्यातही एक वाऱ्याचं जाकीट घ्या, गाव उंचावर आहे आणि वेशीकडच्या माळावर वारा लागतो.

सकाळी साडेदहापर्यंत पोचलात, चर्च आणि घरं बाराच्या आत उरकलीत, जेवलात, मग संग्रहालय आणि शेवटी वेशीचा दगड, असं केलंत तर चार-साडेचारची बस सहज मिळते. चालणं एकूण चार किलोमीटरच्या आसपास, रायली धरलं तर सहा. आई-बाबांचा चालण्याचा वेग मंद असेल तर संग्रहालयाआधीच दगड करून घ्या. संग्रहालयात बसायला जागा मिळते, माळावर मिळत नाही.