वळताना कटकट, पिकअप घेताना थरथर

प्रश्न : माझी २००७ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. स्टिअरिंग पूर्ण कापून वळवताना पुढून 'कट-कट' आवाज येतो. साठच्या पुढे पिकअप घेतला की गाडी थरथरते, ॲक्सिलरेटर सोडला की थांबते. व्हील बॅलन्सिंग करून झालं. आता काय तपासू?

उत्तर : पाय काढताच थरथर थांबते, हीच नेमकी खूण. बॅलन्सिंगचा दोष असता तर ती त्या वेगाला तशीच राहिली असती. संशय ड्राइव्ह शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून पुढचं चाक फिरवणाऱ्या दांड्यावर आहे. त्याच्या दोन्ही टोकांना वळणारा सांधा म्हणजे जॉइंट असतो : कटकट बहुधा चाकाकडच्या जॉइंटची, थरथर गिअरबॉक्सकडच्या.

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग डावीकडे पूर्ण कापून हळू गोल फिरा. आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजवा जॉइंट, उजवीकडे वाढला तर डावा. मग इंजिन बंद करून चाकामागचा रबरी बूट, म्हणजे जॉइंटवरचं घड्यांचं आवरण, टॉर्चने पाहा. चीर घडीत लपते, म्हणून घड्या बोटांनी उघडा. रिमच्या आत काळ्या ग्रीसचे शिंतोडे असतील तर बूट फाटलाच समजा. ग्रीस बाहेर जातं, धूळ-पाणी आत शिरतं आणि जॉइंटमधल्या पोलादी गोळ्यांच्या खाचा झिजतात. आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट बदलून, ग्रीस भरून भागत नाही. कृपया जॉइंटच बदला. शाफ्ट निघालाच आहे तर गिअरबॉक्समधलं ऑइल अडवणारं ऑइल सीलही नवं टाका आणि सांडलेल्या गिअर ऑइलच्या जागी नवं ऑइल पातळीपर्यंत भरून घ्या.