वाचकांचे प्रश्न : बचत गट आणि घरातली गरिबी

प्रश्न : आमच्या बारा जणींचा बचत गट तीन वर्षांपासून चालू आहे. दरमहा प्रत्येकी शंभर रुपये बचत करून आम्ही गटातच शेकडा दोन रुपये महिना व्याजाने कर्ज देतो. मात्र बहुतेक कर्जे दवाखाना, मुलांच्या फिया आणि बियाणे यांवर गेली. धंदा कुणाचाच उभा राहिला नाही. घरची माणसे विचारतात, यातून गरिबी हटली कुठे? त्यांना काय सांगावे?
– एक सभासद, जि. लातूर

उत्तर : आधी त्यांच्यापुढे हिशेब मांडा. आपली तीन वर्षांची नुसती बचत ४३,२०० रुपये होते; व्याजाची भर वेगळी. दहा हजार रुपये सावकाराकडून महिना शेकडा पाचाने घेतले, तर वर्षाला ६,००० रुपये व्याजापोटी कायमचे घराबाहेर जातात. तीच रक्कम गटाकडून घेतली आणि वर्षभर मुद्दल फिटले नाही असे धरले, तरी व्याज २,४०० रुपये होते आणि ते गटाच्याच पेटीत राहून दुसऱ्या बाईच्या गरजेला उपयोगी पडते.

दवाखान्यासाठी घेतलेल्या कर्जाला अनुत्पादक म्हणण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. सावरत आलेले घर पुन्हा खाली जाते ते पुष्कळदा एका आजारपणाने, कारण त्यापायी दुभती म्हैस विकावी लागते किंवा शेत गहाण पडते. आपल्या गटाने ही घसरण अडवली असेल, तर ते मोठे काम झाले आहे.

तरीही घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मान्य करायला हवे. हैदराबादच्या गरीब वस्त्यांमधील सूक्ष्म, म्हणजे छोट्या विनातारण कर्जांचा अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीपासून चालू असलेल्या काही धंद्यांना कर्जामुळे बळ मिळाले, पण कुटुंबांच्या सरासरी खर्चाच्या पातळीत ठळक फरक पडला नाही, असे त्यात दिसले. मिळकत वाढायची, तर कर्जाबरोबर मोठे भांडवल, कौशल्य आणि मुख्य म्हणजे खात्रीचे गिऱ्हाईक लागते.

भांडवलासाठी बँकेकडे जा. नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तो याच गरजेतून. गट किमान सहा महिने नीट चालू असून नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री पाळत असेल, तर तो कर्जासाठी अर्ज करू शकतो. गट ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात असल्यास त्याच्या गावातील कार्यकर्त्या, म्हणजे प्रेरिका आणि बँक सखी, कागदपत्रांसाठी मदत करतात.

धंदा निवडताना, सगळे गट करतात म्हणून पापड-लोणच्याकडे वळू नका. एकाच आठवडी बाजारात दहा गटांचे पापड आले तर ते घेणार कोण? आपल्या भागात उस्मानाबादी शेळी आहे, तूर आहे, सोयाबीन आहे. यांतले काम आपल्या हाताला ठाऊक आहे. चार-पाच जणींनी शेळ्यांपासून सुरुवात करावी, पण लसीकरण आणि विम्याचे पैसे कर्जाच्या अंदाजपत्रकातच धरावेत. तुरीची स्वच्छता, प्रतवारी आणि एकत्रित विक्री मात्र एका गटाला झेपणार नाही. तो विषय गावातील सर्व गटांच्या ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा.

प्रश्न : फायनान्स कंपनीने दहा बायकांना एकत्र करून कर्ज दिले आहे. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा. हाही बचत गटच का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. बचत गटात भांडवल आणि व्याज सभासदांचे असते, तर येथे व्याज कंपनीचे आणि जामीनकी मात्र तुमची असते. अडचणीच्या वेळी असे कर्ज घ्यावे लागते, हे मी समजू शकते. परंतु जुना हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे कर्ज कदापि घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला अशी विनातारण कर्जे देताना, त्याच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. सकाळी नऊपूर्वी आणि सायंकाळी सहानंतर वसुलीसाठी तगादा लावण्यासही मनाई आहे.

प्रश्न : कर्ज हवे असेल तर गटाच्या बचतीची मुदत ठेव करा, असे बँक सांगते. हे योग्य आहे का?
– एका गटाच्या सचिव, जि. नाशिक

उत्तर : योग्य नाही. बचत गटाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, बचत खाते अडकवू नये आणि ठेवीचा आग्रह धरू नये, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट निर्देश आहेत. शाखा व्यवस्थापकांना गटाच्या ठरावासह लेखी तक्रार अर्ज द्यावा, त्याची एक प्रत जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकांना पाठवावी आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. तिला शुल्क नसते. अर्जाच्या आपल्याकडील प्रतीवर शाखेची तारखेसह पोच घेतलेली असावी.