मोटर जळते म्हणून मोठी मोटर घेऊ नका

काटोलकडच्या एका कास्तकार भाऊंनी विचारलं, आंबिया बहाराच्या संत्र्याला ऐन एप्रिलमध्ये पाणी द्यायचं तर 5 एचपीची सबमर्सिबल दुसऱ्यांदा जळली, दुकानदार म्हणतो साडेसातची टाका. स्टार्टरवर व्होल्टेज 330, ॲम्पिअर 9.5, आणि ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारी) 10 वर.

नका टाकू. दुकानदाराला मोटर विकायची आहे, तुमची बाग नाही वाचवायची.

हिशोब करा ना. थ्री फेजमध्ये व्होल्ट गुणिले ॲम्पिअर गुणिले 1.73 गुणिले पॉवर फॅक्टर (करंटचा कामाला येणारा वाटा), तो 0.85 धरा. तुमचे 4600 वॅटच्या आसपास येतात. आता 415 व्होल्ट असते तर तेवढ्याच वॅटला साधारण 7.6 ॲम्पिअर पुरले असते. म्हणजे काम तेवढंच, व्होल्टेज पडलं म्हणून मोटर करंट जास्त ओढून राहिली, आणि वाइंडिंगची (आतल्या तारेच्या गुंडाळीची) गरमी करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे 9.5 ला दीडपटीच्या वर. त्यात जळते ती. साडेसातची टाकली तर ती अजून ओढेल, डीपीवरचं (ट्रान्सफॉर्मरवरचं) व्होल्टेज अजून बसेल, शेजाऱ्याचीही जळेल.

आणि ओव्हरलोड रिले 10 वर कोणी फिरवली? ट्रिप मारते म्हणून वाढवून दिली असेल. ती ट्रिप मारते तेव्हाच मोटर वाचते! प्लेटवर जो ॲम्पिअर लिहिलाय त्यावरच ठेवा, दुकानदार सांगो की वायरमन सांगो, वाढवू नका. प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटर बंद करणारा) बायपास करू नका. 350 व्होल्टच्या खाली मोटर चालूच करू नका, आणि लाइन आल्याआल्या सगळ्यांच्या ऑटोस्विचने एकदम मोटरी उठतात तिथेच व्होल्टेज कोसळतं, म्हणून ऑटो काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

दुसरे भाऊ कळमेश्वरचे. त्यांनी 415 भागिले 8 करून 52 ओहम काढले, मल्टीमीटर दोन फेजमध्ये 4 ओहम दाखवतो, तर दुकानदार म्हणे वाइंडिंग गेली. नाही गेली. व्होल्ट भागिले ॲम्पिअर म्हणजे ओहम हे हीटरला चालतं, चालू मोटरला नाही, कारण फिरणारी मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, करंट त्यानेही अडतो. लाइन बंद करून, केबल सोडून तिन्ही जोड्या मोजा, 4, 4, 4 सारखे आले तर वाइंडिंग ठीक. एक जोडी वेगळी आली तर मग बघा. बॉडीला करंट उतरतो का ते मेगरनेच (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) कळतं, किमान 1 मेगाओहम पाहिजे. हे न बघता रिवाइंडिंगचे पैसे देऊ नका.

बोर लांब असेल तर केबलही बघा. तांब्याच्या अडीच एमएमला 300 मीटरवर एका फेजला 2.2 ओहम, 8 ॲम्पिअरला, थ्री फेजचे 1.73 धरून, 30 व्होल्ट वाटेतच जातात. 4 एमएमला 19. मोठ्या मोटरीचे पैसे केबलमध्ये घाला, आणि कपॅसिटर (लाइनवरचा करंट कमी करतो) बसवाच, डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून बसवा, एकट्याने फारसा फरक नाही पडत. मी प्रत्येक गावात हेच सांगतो. स्टार्टरच्या पेटीत वही ठेवा, रोज व्होल्ट आणि ॲम्पिअर लिहा.

सौर पंपाचं थोडक्यात: मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अडीच एकरापर्यंत 3, पाच एकरापर्यंत 5, त्यावर साडेसात एचपी, हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीला 5. आणि मोफत वीज साडेसात एचपीपर्यंतच आहे, कोणी दहाची गळ्यात मारत असेल तर हेही लक्षात ठेवा.