गालिच्याचं ‘स्टीम क्लीनिंग’ म्हणजे नक्की काय करतात? पैसे घालण्यासारखं असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॉलमध्ये आठ बाय दहाचा गालिचा आहे, स्टीम क्लीनिंगवाला घरी येऊन साफ करून देतो म्हणतोय, वाफेने जंतू मरतात म्हणतोय, चार तासांत वाळेल म्हणतोय. हे नक्की काय असतं आणि करून घ्यावं का?

‘चार तासांत वाळेल’ हे वाचलं आणि लिहायला बसलो. पुण्यात मोठा भाऊ आणि मी मिळून हाच धंदा करत होतो. हे वाक्य मी स्वतः कितीतरी लोकांच्या हॉलमध्ये उभा राहून बोललोय.

आधी वाफेचं सांगतो. त्यात वाफेचं काम नसतंच, गरम पाण्याचं असतं. मशीनला दोन टाक्या असतात. एकीत गरम पाणी, दुसरी रिकामी. हातातल्या दांड्याच्या टोकाला बारीक नोझल असतात आणि त्यांना लागूनच फटीसारखं चपटं तोंड. खटका दाबला की पंप दाबाने पाणी गालिच्याच्या केसांत मारतो आणि ते चपटं तोंड तेच पाणी मळासकट लगेच ओढून रिकाम्या टाकीत टाकतं. गरम पाण्याचे वाफारे निघताना दिसतात म्हणून ‘स्टीम’ हे नाव चिकटलं. खऱ्या वाफेची यंत्रं वेगळी. फरशीच्या सांध्यांना, ओट्याच्या टाइल्सना ती उत्तम. गालिच्यातला मळ ती सुटा करतील, पण तो बाहेर कोण काढणार?

जंतूंचं म्हणाल तर, नोझलमधून साठ अंशांचं पाणी निघालं तरी गालिच्याच्या मुळाशी जाईपर्यंत ते निवतं आणि पुढच्या क्षणी ओढलंही जातं. तेवढ्याने गालिचा निर्जंतुक होत नाही. धूळ, कोंडा, केस, त्यावर जगणारे धूळकिडे, त्यांची घाण, यातलं बरंच बाहेर पडतं. फायदा आहे तो हा, आणि तो खरा आहे.

नीट काम करणारा माणूस पाण्याला हात लावण्याआधी बराच वेळ कोरडंच काम करतो. गालिचा पालथा घालून पाठीवरून व्हॅक्यूम मारतो, मग सुलटा करून पुन्हा. गालिच्यातला बहुतेक मळ म्हणजे कोरडी माती असते. कोरडी असते तोवर ती ओढली जाते, ओली केली की चिखल होऊन मुळाशी बसते. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथने लंडनमध्ये हवा ओढून धूळ काढणारं यंत्र बनवलं, ते घोडागाडीवरून न्यावं लागे. पुढच्या वर्षी सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्या यंत्राने साफ केले, पाण्याचा थेंब न वापरता. आमच्याकडे मात्र दोन हात व्हॅक्यूम फिरवून लगेच पाणी सुरू, कारण गिऱ्हाईक वाफ बघायला उभं असतं.

कोरडं झालं की रसायन फवारून दहाएक मिनिटं मुरू द्यायचं, हलका ब्रश मारायचा, मग गरम पाण्याने खंगाळत ओढायचं. शेवटच्या पाण्यात किंचित आम्ल असतं. त्याने साबणाचा क्षार मरतो. साबण मागे राहिला तर गालिचा चिकट होतो आणि महिन्याभरात आधीपेक्षा जास्त मळतो. मग लोक म्हणतात, एकदा धुतला की सारखा धुवावा लागतो. धुण्याने मळत नाही हो, नीट न खंगाळल्याने मळतो.

आता त्या चार तासांकडे येतो.

२०११ चा जुलै. प्रभात रोडच्या एका गल्लीतला जुना बंगला. काकू सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. गालिचा नऊ बाय बारा, हाताने गाठी मारलेला, लोकरीचा, आत सुताचा ताणा, म्हणजे ज्यांवर गाठी मारतात ते उभे दोरे. त्यांचे वडील रेल्वेत होते, त्यांनी मिर्झापूरहून आणलेला. मधे गडद लाल, कडेने सायीच्या रंगाचा पट्टा, दोन टोकांना पांढरी झालर. मुलगा परदेशातून गणपतीला येणार म्हणून काकूंना तो स्वच्छ करून हवा होता.

मी म्हणालो, दादा, पावसाळ्यात हा नको घेऊ, ऑक्टोबरात करू. दादा म्हणाला, “अरे, दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतो का?” त्या दिवशी आणखी दोन घरं ठरली होती. रंग सुटतो का ते बघायला पांढरं फडकं ओलं करून लाल भागावर दोन मिनिटं दाबून धरायचं असतं, तेवढंही आम्ही केलं नाही. टाकी तीस लिटरची, ती दीड वेळा भरली. म्हणजे पंचेचाळीस लिटर. मळकं पाणी मोरीत ओतताना मी बादल्या मोजल्या. दहा लिटरच्या दोन, त्यातली दुसरी पुरती भरलीसुद्धा नाही. मी दादाला म्हणालो, पंचवीस लिटर आतच आहे. तो म्हणाला, “गरम पाणी आहे, उडून जातं.” मग त्याने तळवा गालिच्यावर ठेवला. “हात लावून बघ. नुसता गार लागतोय. चार तासांत वाळेल.”

मी काकूंना तेच सांगितलं आणि पावती फाडली.

लोकरीची गोष्ट अशी आहे की आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. म्हणून हाताने बघण्याला काही अर्थ नाही. त्यात आत सुताचा ताणा, खाली मोझॅकची फरशी. पाणी खाली मुरू शकत नव्हतं आणि जुलैच्या दमट हवेत वर उडूही शकत नव्हतं. जे उडत होतं ते अगदी हळूहळू, केसांच्या टोकांतून आणि झालरीतून. सुतातली पिवळट-तपकिरी द्रव्यं त्या पाण्याबरोबर वर चढतात, पाणी उडतं आणि रंग टोकाशी राहतो. ताग आणि सूत असलेल्या गालिच्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. आवाज चढवला नव्हता. म्हणाल्या, “तुम्ही म्हणाला होतात चार तासांत वाळेल. जरा येऊन बघता का?” दादा दुसऱ्या कामावर होता, मी गेलो. दारातच कुबट वास आला. झालर चहात बुडवल्यासारखी झाली होती आणि एका कडेला लाल रंग सायीच्या पट्ट्यात हातभर उतरला होता. काकूंनी जवळच पाट मांडून त्यावर टेबलफॅन ठेवला होता. तीन रात्री तो चालूच होता.

मी गालिचा उचलून टेम्पोतून आमच्या शेडवर आणला. आडव्या बांबूवर टांगला, दोन्ही बाजूंनी ब्लोअर लावले. झालरीला सायट्रिक ॲसिडचं अगदी पातळ पाणी करून पुन्हा पुन्हा टिपलं. आठवडाभर लागला. वास गेला, झालर पांढरी झाली. लाल रंग मात्र पट्ट्यातून निघाला नाही. एकदा सुटून दुसऱ्या धाग्यात बसलेला रंग काढायला गेलं की मूळ रंगही जातो. पैसे मी परत दिले. काकूंनी पाकीट घेतलं, पट्ट्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, “बाबांनी हा मांडला तेव्हा आम्हाला महिनाभर वर पाय ठेवू दिला नव्हता.” त्यावर मला काही बोलता आलं नाही.

दादाचं म्हणणं, गालिचाच जुना होता, रंग कच्चा होता. रंग कच्चा होता हे खरं. म्हणूनच तर चाचणी करायची असते. त्या दिवसापासून मी दोन्ही टाक्यांवर लिटरच्या खुणा केल्या. गेलं किती, आलं किती, दर कामाला वहीत लिहायला लागलो. माझ्या हिशेबाने दहा लिटर मारले तर आठ-नऊ परत यायला हवेत. त्यासाठी खटका दाबून एक हात मारला की खटका सोडून नुसतं ओढत दोन-तीन हात मारावे लागतात. वेळ जवळजवळ दुप्पट जातो. दादाला ते परवडत नव्हतं. त्याचं गणित दिवसाला चार घरांचं होतं, माझं दोनचं. २०१४ मध्ये आम्ही वेगळे झालो. गेल्या दिवाळीत जेवताना तो पुन्हा म्हणाला, वाळवणं हे गिऱ्हाईकाचं काम. दादा, तू हे वाचशील म्हणून इथेही लिहितो: वाळवणं हेच आपलं काम आहे. पाणी मारायला तर कुणीही पाइप घेऊन उभा राहील.

तेव्हा तुमच्या माणसाला मशीन कुठल्या कंपनीचं हे विचारू नका. त्याला विचारा, पाणी किती मारणार आणि किती परत काढणार. उत्तर देता आलं नाही तर चहा पाजून निरोप द्या. काम संपल्यावर मळक्या टाकीतलं पाणी तुमच्यासमोर बादलीत ओतायला सांगा. ब्लोअर आणलाय का बघा, आणि तो लावून किती वेळ थांबणार ते आधी ठरवा. गालिचा फरशीवरून उचलून खालून हवा लागेल असा ठेवायला लावा, दोन खुर्च्यांवर टाकला तरी चालेल. पूर्ण वाळायला सहा ते बारा तास धरा. दुसऱ्या दिवशीही ओल असेल तर काहीतरी चुकलंय. पावसाळ्यात करूच नका, लोकरीचा असेल तर अजिबात नाही. दर मी सांगत नाही, शहराप्रमाणे बदलतो. पण सगळ्यात स्वस्त माणूस वेळ वाचवूनच स्वस्त झालेला असतो, आणि तो वेळ वाळवण्यातूनच वाचवलेला असतो.

काकूंच्याकडे मी दर मे महिन्यात जातो. गालिचा गच्चीवर पालथा घालतो, झटकतो, दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करतो, सावलीत हवेवर ठेवतो. पाणी लावत नाही. पैसे घेत नाही. काकू आता फार चालत नाहीत, पण गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसतात.

आता हे आधी सांगायला हवं होतं: वर लिहिलेली भीती लोकरी-सुती गालिच्यांची आहे. तुमचा नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर तो पाणी फारसा पीत नाही, चांगल्या ओढणाऱ्या मशीनने बिनधास्त करा. ओळखायचं असेल तर कडेचा एक धागा उपटून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम. कागदासारखा भुरकन जळला तर सूत, ताग किंवा व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं नकली रेशीम. रेशमासारखी चकाकी असून असा जळला तर ते व्हिस्कोस समजा आणि त्याला पाणी लावूच देऊ नका. ओलं झालं की त्याचा धागा कमजोर होतो, केस चपटे पडतात आणि पिवळे दिसायला लागतात.

आणि गालिच्याची पाठ बघा. पाठीवर गाठी आणि नक्षी दिसत असेल तर तो हाताने विणलेला. कापड चिकटवलेलं असेल तर आत डिंकासारखा लॅटेक्सचा थर असतो. तो जुना झाला की त्याची पूड पडते आणि जास्त पाणी बसलं तर कापड सुटतं. तुमच्या गालिच्याखाली पांढरी पूड सापडली, तर त्या माणसाला होकार देण्याआधी पाठीचा एक फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.